गाडीवर विश्वास टाकायचा म्हणजे नेमका किती?

सारथी_पुणे

नमस्कार मंडळी,

दिवाळीत नवी गाडी घेतली. लेव्हल २ एडासवाली, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, पण लक्ष चालकानेच ठेवायचं. पुढच्या गाडीपासून अंतर राखून वेग आपोआप कमी-जास्त करणं, लेनमध्ये राहणं, समोर काही आलं तर स्वतःहून ब्रेक लावणं, वगैरे वगैरे. यासाठीच वरचं व्हेरियंट घेतलं, पैसेही त्या मानाने मोजले.

आता बायको गाडीत बसली की पट्टा लावायच्या आधी पहिलं वाक्य, "ते बंद कर." मुलगा मागून म्हणतो, "बाबा, हात सोडून तर बघा." मी मधल्यामध्ये. एक्सप्रेसवेवर क्रूझ, म्हणजे अंतर राखणारी ती सोय, लावतो आणि पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरून बसतो. पनवेल येईपर्यंत पोटरीत गोळे. स्वतः चालवली असती तर इतका दमलो नसतो.

ज्यांनी अशा गाड्या वापरल्या आहेत, किंवा परदेशात बिनचालकाच्या गाडीत बसले आहेत, त्यांनी सांगा: विश्वास बसला का? कशामुळे बसला? आणि तो बसावा म्हणून कंपन्या नक्की काय करतात?

"सवय होईल" हे उत्तर शोरूमवाल्याने दिलेलं आहे.

बोरघाट

पहिला! खुर्ची टाकून बसलोय.

अवनी_ठाणे

सवय होईल.

(दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

रणगाडा

माझ्याकडेही अशीच गाडी आहे, तुमच्याआधी घेतलेली. माझं मत: विश्वास एकगठ्ठा द्यायचा नाही. प्रत्येक सोयीची वेगळी परीक्षा घ्यायची.

लेन कीप मी कायमची बंद केली. साताऱ्याकडे जिथे रुंदीकरण चालू असतं तिथे जुना पांढरा पट्टा पुरता पुसलेला नसतो आणि शेजारी नवा पिवळा मारलेला असतो. गाडीला वाटतं जुनाच खरा. भर वेगात स्टिअरिंग हाताला हिसका देतं. ट्रक शेजारी असताना तो हिसका बसला की पुढचे चार दिवस बटणाकडे बघवत नाही.

ऑटो ब्रेक मात्र चालू. तो रोज मध्ये येत नाही, अगदी शेवटच्या क्षणाला येतो. चुकून लागला तर मागचा शिव्या देईल. लागलाच नाही तर मी होतोच की ब्रेक मारायला.

क्रूझचं दुखणं वेगळंच. अंतर जास्त ठेवलं की त्या अंतरात पहिली वॅगन आर घुसते. गाडी बिचारी मागे सरकते. मग दुसरी घुसते. अशाने आपण हळूहळू परत पुण्यात.

खड्डेश्वर

>> अशाने आपण हळूहळू परत पुण्यात

हसून हसून पुरेवाट! आणि उजव्या लेनमध्ये चाळीसने रांगणाऱ्या कंटेनरच्या मागे क्रूझ लावली की गाडी त्याच्यामागे इतक्या भक्तिभावाने चालते की थेट पंढरपूर गाठेल.

स्टुटगार्टचा_मोहोळकर

उशिरा आलो. मी याच क्षेत्रात आहे. चालक आणि गाडी यांच्यात जे बोलणं चालतं, म्हणजे दिवे, आवाज, स्टिअरिंगची थरथर, त्या विभागात. कंपनी विचारू नका.

सारथीकाका, आमच्याकडे "विश्वास वाढवा" असं काम कोणी देत नाही, निदान देऊ तरी नये. गाडीची कुवत जेवढी, तेवढाच विश्वास चालकाच्या मनात राहील एवढं बघायचं असतं. कमी पडला तर तुमच्यासारखं होतं, पैसे मोजून बटण बंद. जास्त झाला तर माणसं जातात. ७ मे २०१६, फ्लोरिडातलं विलिस्टन. टेस्ला मॉडेल एस ऑटोपायलट नावाच्या अशाच मदतयंत्रणेवर होती, वळणारा ट्रेलर रस्त्यावर आडवा आला. गाडीनेही ब्रेक लावला नाही, चालकानेही नाही. गाडी ट्रेलरच्या पोटाखालून गेली. तो चालक अडाणी नव्हता, गाडीवर प्रेम करणारा, तिचे व्हिडिओ टाकणारा माणूस होता. तपासात दिसलं की त्या प्रवासात बराच वेळ हात स्टिअरिंगवर नव्हते.

गोम अशी की यंत्रणा जितकी चांगली, तितकं तिच्यावर लक्ष ठेवणं अवघड. दर दहा मिनिटांनी चुकणारी गाडी चालकाला जागं ठेवते. महिन्यातून एकदा चुकणारी त्याला झोपवते. नुसतं बघत बसायचं आणि नेमक्या त्या सेकंदाला धावून जायचं, हे माणसाला जमत नाही. त्यामुळे काकांच्या पोटरीतले गोळे हा त्यांचा दोष नाही, लेव्हल २ ची ती जन्मजात अडचण आहे.

यावर दोन प्रकारचे उपाय झाले. एक, चालकाकडे बघणं. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये कॅडिलॅक सीटी६ मध्ये सुपर क्रूझ आणली तेव्हा चालकाच्या नजरेवर कॅमेरा ठेवला. नजर रस्त्यावरून फार वेळ हटली की स्टिअरिंगच्या वरच्या कडेची दिव्यांची पट्टी लुकलुकते. शिवाय ती यंत्रणा फक्त आधी मापून ठेवलेल्या महामार्गांवरच चालू होते. "इथे मला जमत नाही" हे गाडीने स्वतः सांगणं फार मोलाचं आहे. टेस्ला बराच काळ स्टिअरिंगवर हाताचा जोर पडतोय का एवढंच तपासत होती, आणि लोक तिथे वजनं अडकवून मोकळे होत. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्यांचं रिकॉल झालं, इशारे कडक करण्यासाठी.

दुसरा उपाय, जबाबदारी स्पष्ट वाटून घेणं. त्यावर नंतर लिहितो, इथे मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली.

अवनी_ठाणे

मुलीला आणायला हात स्टिअरिंगवर ठेवून जा हो.

मग यातल्या त्यात कोणाची यंत्रणा बरी?

सनीवेल_सुलभा

मी दुसऱ्या टोकाची. इथे कॅलिफोर्नियात बे एरियात वेमोने, म्हणजे बिनचालकाच्या टॅक्सीने, बऱ्याचदा जाते. चालक नाहीच, पुढची सीट रिकामी. आई ठाण्याहून आली होती तेव्हा तिला सॅन फ्रान्सिस्कोत मुद्दाम बसवलं. पांढरी जॅग्वार आली, टपावरच्या घुमटावर माझी आद्याक्षरं उजळली. आईने आधी खिडकीतून आत वाकून खात्री केली की खरंच कोणी नाही.

पहिल्या चढावर तिने माझा हात धरला होता. मग तिचं लक्ष मागच्या स्क्रीनकडे गेलं. आजूबाजूच्या गाड्या, सायकली, फुटपाथवरची माणसं, सगळ्यांच्या आकृत्या तिथे हलत होत्या. एक मुलगा फुटपाथवरून नुसता एक पाय खाली टाकून उभा होता, तो स्क्रीनवर दिसला आणि गाडी थांबली. आई म्हणाली, "हिला दिसला की गं तो." त्यानंतर तिने मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि उतरेपर्यंत रस्त्याकडे बघितलंही नाही.

मला वाटतं धाग्याचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. शिवाय गाडी थांबवायचं बटण हाताशी असतं आणि माणसाशी बोलायची सोय असते. आम्ही ती कधी वापरली नाही, पण आहे हे माहीत असणं पुरतं.

तर्कतीर्थ_ऑनलाइन

मुळात प्रश्नच उलटा मांडलाय. विश्वास माणसावर का ठेवता, हे आधी सांगा. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, सरकारी आकडा. त्या गाड्या काय रोबोट चालवत होते? फोनवर बोलत, झोप काढत, पिऊन चालवणाऱ्या प्राण्यावर तुमचा आंधळा विश्वास, आणि न थकणाऱ्या यंत्राकडून मात्र शंभर टक्क्यांची हमी हवी. दिल्ली मेट्रोची मजेंटा लाइन २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना धावते. तेव्हा कोणी धागा काढला होता?

रणगाडा

मेट्रोच्या रुळावर म्हैस येत नाही हो तर्कतीर्थ. सिग्नल तोडून उलट्या बाजूने रिक्षाही येत नाही. उंच खांबावरून, स्वतःच्या रुळावरून जाणारी गाडी आणि स्वारगेट यांची तुलना करता?

बोरघाट

रणगाडा +१

नाग्या_कराड

वाचत होतो, आता लिहितोच. माझा धंदाच गाडी चालवायचा आहे, टूरिस्टच्या तीन गाड्या आहेत.

नवीन ड्रायव्हर ठेवताना मी काय करतो सांगतो. लायसन बघतो, पण त्यावर भरवसा ठेवत नाही. शेजारी बसतो आणि कराडहून कोयनानगरला नेतो. गप बसतो. बघतो एकच, की मला जे दिसतंय ते ह्याला दिसतंय का. एसटी थांब्यावर उभी असली की तिच्या पुढून पोरगं पळत येणार, हे ह्याच्या पायाला आधी कळतंय का? पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला की समजायचं, पोरगं शिकलेलं आहे. मग पुढच्या घाटात मी झोपतो.

आणि चुकला तर? चुकलेला मला चालतो. पण "चुकलो मालक" म्हणणारा पाहिजे. आपल्याला सगळंच येतं म्हणणारा दुसऱ्या दिवशी घरी.

आता तुमची ती गाडी. ती मला सांगती का, की तिला काय दिसतंय आणि काय न्हाई? सांगत असली तर शेजारी बसायला मी तयार आहे. न सांगता नुसती टूंटूं करत असली, तर असला ड्रायव्हर मला नको.

सनीवेल_सुलभा

नाग्यादादा, माझ्या आईने एका वाक्यात म्हटलं ते तुम्ही नीट उलगडून सांगितलंत.

स्टुटगार्टचा_मोहोळकर

नाग्याभाऊ, आमच्या ऑफिसात येऊन हे बोला, चहा माझ्याकडून.

पण एक पुस्ती. गाडीला "दिसणं" आणि "कळणं" यात फरक आहे. १८ मार्च २०१८, अ‍ॅरिझोनातलं टेंपी. उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. तपास अहवाल सांगतो की गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण यंत्रणा मत बदलत राहिली: हे वाहन आहे, हे "इतर" आहे, ही सायकल आहे. दर वेळी नवीन नाव दिलं की आधीचा माग सोडून द्यायचा आणि ती कुठे चाललीय याचा अंदाज पहिल्यापासून बांधायचा. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यात असू शकतो, हे त्या यंत्रणेत धरलेलंच नव्हतं. मूळ व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेकही त्या वेळी बंद ठेवलेला, दोन यंत्रणांची मारामारी नको म्हणून. आणि लक्ष ठेवायला बसवलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम बघत होती.

खटला चालकावर झाला. कंपनीवर फौजदारी झाली नाही.

खड्डेश्वर

झेब्रा सोडून रस्ता ओलांडणारा माणूसच धरलेला नाही? म्हणजे आपल्याकडे लक्ष्मी रोडवर सगळेच "इतर".

विदर्भवीर

नागपूरकर हजर. गडकरी साहेबांनी विषयच संपवला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इथेच, आयआयएम नागपूरच्या कार्यक्रमात म्हणाले की बिनचालकाच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील. तेव्हा नाग्याभाऊ, निवांत राहा.

पण समृद्धीवर मी एडासवाली गाडी नेहमी नेतो आणि माझा अनुभव मोहोळकरांसारखाच. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता. स्वतः चालवताना निदान पाय हलतो, हात हलतात. क्रूझ आणि लेन दोन्ही लावले की वाशीम गाठेस्तोवर डोळे उघडे, मेंदू बंद. आता मी लेन असिस्ट बंद ठेवतो, म्हणजे हाताला काम राहतं. रात्री नीलगाय आडवी आली तर? माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की जनावर ओळखलं जाईलच असं नाही. ती पुस्तिका एकदा वाचा सगळ्यांनी. धुकं, जोराचा पाऊस, काचेवरची धूळ, समोरून येणारं तिरपं ऊन, पुसलेले पट्टे… यातलं एकही नसलेला दिवस आपल्याकडे शोधून दाखवा.

नाग्या_कराड

साहेब नोकऱ्या राखणार ते बरंच आहे. पण ड्रायव्हर मिळत नाहीत ही माझी खरी अडचण आहे. पोरं या धंद्यात येईनात.

कॅप्टन_काका

विमानं चालवून निवृत्त झालो, म्हणून दोन शब्द. ऑटोपायलटवरचा आमचा विश्वास जाहिरातीतून आलेला नाही. सिम्युलेटरमध्ये ठरावीक काळाने आम्हाला बसवतात आणि यंत्रणा मुद्दाम बिघडवून दाखवतात. इंजिन बंद, वेगदर्शक खोटा, ऑटोपायलट सुटला. पुन्हा पुन्हा.

तरी काय होतं बघा. १ जून २००९, एअर फ्रान्स ४४७, रिओ ते पॅरिस. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला, ऑटोपायलट बाजूला झाला आणि मध्यरात्री अटलांटिकवर विमान वैमानिकांच्या हातात आलं. आकडे पटेनात, काय चाललंय ते कळेना. २२८ जण गेले. हे प्रशिक्षित लोक होते, आणि त्यांच्या हाताशी काही मिनिटं होती.

गाडीत किती असतात? दोन सेकंद? आणि प्रशिक्षण किती? परवा जावयाच्या गाडीच्या डिलिव्हरीला गेलो होतो. हार, नारळ, पेढे, लाल कापड ओढणं, फोटो, सगळं साग्रसंगीत. एडासबद्दल त्या मुलाने सांगितलं, "सर, हे सगळं ऑटोमॅटिक आहे." विश्वास बांधायचा असेल तर सुरुवात तिथून करा. मोकळ्या मैदानात फोमचा पुतळा उभा करा आणि गाडी कुठे थांबते, कुठे थांबत नाही, दोन्ही दाखवा. थांबत नाही ते आधी.

अवनी_ठाणे

कॅप्टन काका, हे खरंच करायला हवं. शोरूमवाला म्हणेल, न थांबलेली गाडी दाखवली तर विकणार कशी!

तर्कतीर्थ_ऑनलाइन

म्हणजे सगळ्यांचं म्हणणं एकच, माणूस बेभरवशाचा आहे. मीही तेच म्हणतोय. मग त्याला मधून काढून टाका. अर्धवट यंत्रणा धोक्याची असेल तर पूर्ण आणा.

सनीवेल_सुलभा

तर्कतीर्थ, पूर्ण आणली तरी भानगडी संपत नाहीत. २ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. एका बाईला आधी दुसऱ्याच, माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं, ती क्रूझ कंपनीच्या बिनचालकाच्या गाडीपुढे पडली. त्या गाडीने धडक दिली, थांबली, आणि मग कडेला जायचं म्हणून तिला सुमारे २० फूट फरफटत नेलं. अपघाताइतकंच महागात पडलं ते फरफटल्याची माहिती अधिकाऱ्यांना धड न देणं. महिन्याच्या आत कॅलिफोर्नियाने परवाना स्थगित केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने टॅक्सीचा तो उद्योगच गुंडाळला. नाग्यादादांचा नियम तिथेही लागू: चुकलो म्हणणारा पाहिजे.

वेमोचंही सगळं आलबेल नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि यांच्या गाड्या चौकाचौकात थिजून उभ्या. सेवा थांबवावी लागली. तरी मी जाते, कारण तिला कळलं नाही तर ती थांबते. ट्रॅफिकला त्रास होतो, मला नाही.

बोरघाट

सिग्नल बंद पडल्यावर गाड्या थिजतात? पुण्यात सिग्नल चालू असला तरी थिजतील.

स्टुटगार्टचा_मोहोळकर

राहिलेला भाग. अवनीताईंचा प्रश्न, कोणाची यंत्रणा बरी: अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने मार्च २०२४ मध्ये अशा १४ यंत्रणा तपासल्या. त्यांनी गाडी किती छान चालते हे पाहिलं नाही, चालकाला जागं कसं ठेवते ते पाहिलं. ११ नापासच्या रांगेत. लेक्ससची एकच यंत्रणा "स्वीकारार्ह" ठरली. "चांगली" एकही नाही.

आता जबाबदारी. मर्सिडीजची लेव्हल ३ यंत्रणा जर्मनीत २०२२ मध्ये मिळू लागली. सुरुवातीला फक्त ताशी ६० किलोमीटरपर्यंत, म्हणजे ऑटोबानवर गर्दी तुंबलेली असताना. ती चालू असताना तुम्ही खुशाल दुसरीकडे बघा. गाडीला जमेनासं झालं तर ती १० सेकंद आधी हाक मारते. तुम्ही ओ दिली नाही तर धोक्याचे दिवे लावून स्वतः थांबते. आणि ती चालवत असताना यंत्रणेच्या चुकीने अपघात झाला तर जबाबदारी कंपनी घेते.

माझ्या मते विश्वास बसवण्याचा याहून सरळ मार्ग नाही. आधी कंपनीने स्वतःच्या गाडीवर पैसे लावावेत, मग आम्ही जीव लावू. उलट नाव भारी द्यायचं, जाहिरातीत हात सोडून बसलेला माणूस दाखवायचा आणि बारीक अक्षरात "चालकाने कायम सज्ज राहावे", हे चालणार नाही. चीनमध्ये मार्च २०२५ मध्ये शाओमीची एसयू७ मदतयंत्रणेवर असताना काँक्रीटच्या दुभाजकाला धडकली. इशारा आणि धडक यांत मोजके सेकंद. तिघी मुली गेल्या. पुढच्याच महिन्यात तिथल्या सरकारने जाहिरातीत "स्वयंचलित" वगैरे म्हणायला बंदी घातली.

तर्कतीर्थ_ऑनलाइन

जबाबदारीचा मुद्दा मान्य. बाकी माझं म्हणणं कायम.

संपादक मंडळ

मधले तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. इलेक्ट्रिक विरुद्ध डिझेल यासाठी स्वतंत्र धागा आहे, कृपया तिकडे जा.

सारथी_पुणे

सगळ्यांचे आभार. रविवारी लोणावळ्याला जाऊन आलो. रणगाड्याच्या सल्ल्याने लेन कीप बंद, ऑटो ब्रेक चालू, क्रूझ सगळ्यात जास्त अंतरावर. घुसणाऱ्यांना घुसू दिलं.

नाग्याभाऊंचं वाचून बायकोला मीटरवरचं ते छोटं चित्र दाखवलं: पुढची गाडी गाडीला "दिसली" की तिथे उमटते. ती तेच बघत बसली. कामशेतच्या पुढे म्हणाली, "ट्रक लगेच उमटतो, मोटरसायकलवाला कडेला असला की उमटत नाही." मी इतके दिवस पाय अधांतरी धरून बसलो, पण हे काही मला दिसलं नव्हतं. आता कडेला मोटरसायकल दिसली की पाय ब्रेकवर, एरवी खाली. पोटरी सुखी आहे.

एक अवांतर प्रश्न. येताना ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला, पुढच्या काचेला आरशाच्या मागेच तडा गेलाय. बाहेरचा काचवाला अर्ध्या किमतीत बदलून देतो म्हणतोय. करू का?

रणगाडा

अजिबात नको! एडासचा कॅमेरा तिथेच आरशामागे असतो. काच बदलली की कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, त्याला फलक आणि मशीन लागतं. तो जरासा जरी तिरका बसला तरी गाडीला रस्ता भलतीकडेच दिसेल.

विदर्भवीर

आणि काच कॅमेरा-ब्रॅकेटवालीच घ्या, साध्या व्हेरियंटची खपवतात. कॅलिब्रेशनचा खर्च विम्यात धरला जातो का, ते क्लेम टाकायच्या आधी लेखी विचारा. माझ्या वेळी काच मंजूर झाली आणि कॅलिब्रेशन खिशातून गेलं.

खड्डेश्वर

तोवर वहिनी आहेतच की. त्यांना कॅलिब्रेशन लागत नाही.